कॉलनी वाढली, आता मंडळ हवं

 

आपलं नरडाणा झपाट्यानं बदलतं आहे. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं आणि मुंबई-आग्रा महामार्गाजवळचं हे गाव. इथे एमआयडीसी आली, पुढे दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यात धुळे-नरडाणा हे नाव जोडून घेतलं जाऊ लागलं. मनमाड-इंदूर या 309 किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळानं सप्टेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली. त्याच दिशेचा बोरविहीर-नरडाणा हा टप्पा आपल्या दारात येतो. रस्ता, रेल्वे आणि कारखाना एका ठिकाणी आले की शेताचे प्लॉट पडतात. काल जिथे कपाशी उभी होती तिथे आज चुन्याच्या रेघा दिसतात, आणि वर्षभरात घरं उभी राहतात.

घरं भराभर होतात. गटार, पाणी, दिवे आणि रस्ता मात्र मागून येतात, किंवा येतच नाहीत. हा त्रास सगळ्यात आधी बाईला होतो. टँकरची वाट ती बघते, चिखलातून लेकराला शाळेत ती नेते, अंधारात दळण घेऊन ती परतते. म्हणून आज आपण वस्तीच्या मंडळाबद्दल बोलू. कुणी त्याला कॉलनी समिती म्हणतं, कुणी रहिवासी संघ. नाव कोणतंही असो, ते काय करतं आणि कसं चालतं ते समजून घेऊ.

जुन्या गावात गल्ली, भाऊबंदकी, पार, विहीर होती. अडचण आली की चार माणसं आपोआप जमायची. नव्या कॉलनीत शेजारी वेगवेगळ्या गावांहून आलेले. एक शिरपूरकडचा, एक साक्रीकडचा, एक कारखान्यात कामाला आलेला परप्रांतातला. कोणी कुणाला ओळखत नाही. मग जो तो एकेकटा कार्यालयात जातो, तोंडी सांगतो आणि परत येतो. "आम्हनं कोन आयकस?" असं बायका म्हणतात ते यामुळेच. तीस घरांनी मिळून सही केलेला अर्ज आणि एका घराचं गाऱ्हाणं यांत फरक पडतो.

मिळून काम करणं आपल्या खान्देशाला नवं नाही. पांझरेवरची फड पद्धत थोरामोठ्यांनी सांगितली असेल. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालची जमीन फडांत वाटलेली. कोणत्या फडात कोणतं पीक घ्यायचं ते सगळे मिळून ठरवत. पाणी वाटायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि पाटाचा गाळ काढायला सगळ्यांचे हात. ही पद्धत शेकडो वर्षं चालली, कारण प्रत्येकाला आपलं काम आणि आपला वाटा माहीत होता. वस्तीच्या मंडळालाही तेच लागतं.

शहरातलं एक उदाहरण सांगते. मुंबईत घाटकोपरला जोशी लेन नावाची गल्ली आहे. 1990 नंतरच्या दशकात तिथल्या रहिवाशांनी ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करायला आणि गल्ली स्वच्छ ठेवायला सुरुवात केली. गल्लीची जबाबदारी गल्लीनं घ्यायची आणि महापालिकेनं तिला साथ द्यायची, ही रीत पुढे महापालिकेनं उचलली. तिला एएलएम म्हणतात. मग मुंबईत ठिकठिकाणी अशी मंडळं झाली. यातून घेण्यासारखं एवढंच, की त्यांनी आपल्या हातातलं काम आधी केलं आणि मग महापालिकेकडे तिच्या हातातलं काम मागितलं.

आता आपल्या कॉलनीकडे येऊ. मंडळाचं पहिलं काम म्हणजे मंजूर ले-आऊटचा नकाशा मिळवणं. शेतजमीन बिनशेती करून प्लॉट पाडले असतील तर त्याचा मंजूर नकाशा आणि आदेश असतो. अंतर्गत रस्ता किती रुंद, सांडपाणी कुठून जाणार, नाला कुठे आहे आणि मोकळी जागा कोणती, हे सगळं त्यात असतं. महाराष्ट्राच्या 2020 च्या एकत्रित नियमावलीत 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ले-आऊटमध्ये किमान 10 टक्के जागा मोकळी ठेवायची आहे. म्हणजे साधारण एका एकराला चार गुंठे. जुन्या ले-आऊटला त्या त्या वेळचे नियम आणि मंजुरीतल्या अटी लागू असतात.

ही चार गुंठे जागा फार मोलाची आहे. लेकरांना खेळायला, म्हाताऱ्यांना बसायला, अंगणवाडीला, पावसाचं पाणी मुरायला तीच एक जागा उरते. आधी तिथे कुणाची वाळू पडते, मग पत्र्याचं शेड येतं, मग कुंपण. दहा वर्षांनी भांडायला गेलो तर समोरच्याचं पक्कं बांधकाम उभं असतं आणि आपल्या हातात कागदही नसतो. म्हणून नकाशा आधी मिळवायचा, जागेवर जाऊन खुणा बघायच्या, फोटो काढायचे, आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवायचं की ही जागा मोकळी जागा म्हणून राखावी, तिथे फलक लावावा.

नाल्याचंही तसंच. उन्हाळ्यात कोरडा दिसतो म्हणून तो भरून त्यावर प्लॉट विकला जातो. पाणी मात्र आपली वाट विसरत नाही. एका मोठ्या पावसात ते घरात शिरतं. नकाशात नाला दाखवला असेल तर तो बुजवण्याआधी थांबवता येतो.

ज्यांनी नकाशा न बघता नोटरीवर गुंठा-दोन गुंठे घेतले, त्यांची अडचण जास्त. तिथे कागदोपत्री रस्ताच नसतो, मग गटार कुठून येणार? म्हणून गटातल्या एखादीच्या घरी प्लॉट घ्यायचं चाललं असेल तर आधी सातबारा, बिनशेती आदेश आणि मंजूर नकाशा मागायला सांगा. आणि घर झालं की घरपट्टीच्या नमुना आठवर तुमचंही नाव लावून घ्या.

दुसरं काम म्हणजे लेखी मागणी. अर्ज दोन प्रतींत करा. एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ती पोच म्हणजे आपली पावती. उत्तर आलं नाही किंवा नकाशा मिळाला नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही नाही. उत्तर 30 दिवसांत द्यायचं असतं. नाही आलं तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं.

तिसरं काम ग्रामसभेचं. वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात, आणि त्यांच्याआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. ती सभा कागदावर उरकू देऊ नका. आपल्या कॉलनीचं गटार, दिवे, पाण्याची लाईन हे विषय महिला सभेत मांडा, ठराव लिहून घ्या, आणि मग तो ग्रामसभेत वाचायला लावा. गावाचा वार्षिक विकास आराखडा होतो तेव्हा काम त्यात बसलं पाहिजे. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिला होता. गटार आणि पाणी मागणं म्हणजे दयेची याचना नव्हे. मात्र आराखड्यात काम नसेल तर त्याला पैसा मिळणं कठीण.

आता मंडळ चालवायचं कसं? हे तर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं. गटाची पंचसूत्री आठवा. ठरलेल्या दिवशी बैठक, इतिवृत्ताचं रजिस्टर, हजेरीच्या सह्या, पैशाचा हिशोब सगळ्यांसमोर. वर्गणी लहान ठेवा, पण पावतीशिवाय एक रुपया घेऊ नका. कामं वाटून द्या. एकीकडे पाणी, एकीकडे दिवे, एकीकडे कागद. अर्ज करायला नोंदणी लागत नाही. पुढे बँकेत खातं, मोठी वर्गणी असा व्याप वाढला तर किमान सात जणांची संस्था नोंदवता येते.

दोन गोष्टी मात्र जपायच्या. पहिली, मंडळ म्हणजे पंचायत नव्हे. कुणाला दंड करणं, कुणाला वाळीत टाकणं, कुणाच्या घरी कोण येतं यावर पहारा ठेवणं हा मंडळाचा अधिकार नाही. दुसरी, भाडेकरूंना बाहेर ठेवू नका. कारखान्यात कामाला आलेली कुटुंबं एका खोलीत राहतात. त्यांच्याही चुलीला पाणी लागतं, त्यांचीही लेकरं त्याच चिखलातून जातात. फक्त घरमालकांचं मंडळ झालं तर वस्तीतल्या गरजू बाईचा आवाज त्यात येणारच नाही. जे इथेच राहतात त्यांची नावं गावच्या मतदार यादीत यावीत म्हणून मदत करा. यादीत नाव असेल तरच ग्रामसभेत मत.

उद्या गावाची हद्द, कारभार बदलूही शकतो. 2018 मध्ये धुळे महापालिकेची हद्दवाढ झाली तेव्हा वलवाडी, अवधान, महिंदळे अशी गावं शहरात आली. ग्रामपंचायतीचं दप्तर संपलं आणि महापालिकेचं सुरू झालं. अशा वेळी नकाशा, ठराव आणि अर्जांच्या पोची वस्तीच्या स्वतःच्या फाईलमध्ये असल्या, तर नव्या साहेबासमोर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

मग या महिन्याच्या गटाच्या बैठकीत एकच विषय घ्या. आपल्या वस्तीचा मंजूर नकाशा कुणी पाहिला आहे का, हे विचारा. कुणीच पाहिला नसेल तर दोघींची नावं ठरवा, अर्ज लिहा आणि त्याच आठवड्यात पोच घेऊन या. पुढच्या बैठकीत ती पोच रजिस्टरला लावा. मंडळाची सुरुवात तिथून होते.