संगणक-कृमी आणि त्यापासून बचाव

२५ जानेवारी २००३ रोजी शनिवार होता. भारतीय वेळेप्रमाणे सकाळचे सुमारे ११ वाजले असता जगातील अनेक संकेतस्थळे एकाएकी दिसेनाशी झाली. दक्षिण कोरियात इंटरनेटचे दळणवळण काही तास जवळजवळ ठप्प झाले. अमेरिकेत बँक ऑफ अमेरिकेच्या बहुसंख्य स्वयंचलित यंत्रांतून ग्राहकांना पैसे काढता येईनात. सिअ‍ॅटल शहराजवळील एका केंद्रात, संकटात मदत मागणाऱ्यांच्या नोंदी कर्मचाऱ्यांना कागदावर हाताने कराव्या लागल्या. या साऱ्या गोंधळाच्या मुळाशी होती ती अवघ्या ३७६ बाइटांची एक आज्ञावली. चार-पाच ओळींच्या इंग्रजी मजकुराला जेवढी जागा लागते, तेवढीच तिला पुरत होती. ती पुढे ‘स्लॅमर’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

कृमी कशास म्हणतात?

संगणकातील व्हायरस हा सामान्यतः एखाद्या फाइलला चिकटून राहतो आणि ती फाइल कोणी उघडली म्हणजे कार्य करू लागतो. कृमीला असा आश्रय लागत नाही. तो जाळ्यातून स्वतःच प्रवास करतो, सदोष संगणक शोधतो, त्यात शिरतो आणि तेथून आपल्या नव्या प्रती रवाना करतो. या कामी माणसाने एखादी कळही दाबावी लागत नाही.

स्लॅमरने ज्या दोषाचा लाभ घेतला, तो मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या ‘एसक्यूएल सर्व्हर २०००’ या माहिती साठविणाऱ्या प्रणालीत होता. बाहेरून येणाऱ्या संदेशासाठी संगणकाच्या स्मृतीत ठराविक जागा राखून ठेवलेली असते. नोंदवहीत एखाद्या कारकुनाने आपला रकाना भरल्यावरही लिहिणे न थांबविता शेजारच्या रकान्यातील मजकुरावर लिहीत जावे, तसाच प्रकार येथे घडला. संदेशाची लांबी तपासली जात नव्हती. त्यामुळे प्रमाणापेक्षा लांब संदेश राखीव जागेबाहेर सांडला आणि संगणकाने पुढे काय करावे हे जेथे नोंदलेले असते, त्या जागी कृमीच्या आज्ञा जाऊन बसल्या.

प्रसाराचा वेग

जुलै २००१ मध्ये पसरलेल्या ‘कोड रेड’ या कृमीची संख्या सुमारे ३७ मिनिटांत दुप्पट होत असे. स्लॅमरला आरंभी त्यासाठी केवळ साडेआठ सेकंद लागत. या हिशेबाने एका संगणकाचे १,०२४ संगणक होण्यास ८५ सेकंद पुरतात. ही तफावत का पडली, हे टपालाच्या उदाहरणावरून समजेल. कोड रेडची रीत पोचपावतीच्या टपालासारखी होती. पलीकडून उत्तर येईपर्यंत त्याला थांबावे लागे. स्लॅमर मात्र साध्या पोस्टकार्डाप्रमाणे वाटेल त्या पत्त्यावर प्रती टाकीत सुटला. त्याला उत्तराची प्रतीक्षा नव्हती. सुमारे १० मिनिटांत, बाधा होऊ शकेल अशा संगणकांपैकी ९० टक्के त्याच्या कह्यात गेले. बाधित संगणकांची संख्या किमान ७५,००० होती.

त्याने एकही फाइल पुसली नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. तरी संकेतस्थळे बंद पडली ती केवळ गर्दीमुळे. पोस्टात निरर्थक पत्रांचा ढीग पडला म्हणजे खरे पत्र वेळेवर पोहोचत नाही. त्याचप्रमाणे कृमीच्या प्रतींनी जाळ्याचे मार्ग भरून गेले. म्हणून ज्या संस्थांचे संगणक पूर्णपणे निर्दोष होते, त्यांची संकेतस्थळेही वाचकांना उघडता येईनात. सुमारे तीन मिनिटांनंतर कृमीचा स्वतःचा वेगही मंदावला, कारण त्याच्यासाठीदेखील वाट मोकळी उरली नव्हती.

बचावाचे उपाय

या दोषावरील उपाय कृमीच्या जन्माआधीच उपलब्ध होता. दुरुस्तीची आज्ञावली, म्हणजे ‘पॅच’, मायक्रोसॉफ्टने जुलै २००२ मध्येच प्रसिद्ध केली होती. सहा महिने लोटले तरी हजारो संगणकांवर ती बसविली गेली नव्हती. कित्येकांना तर आपल्या संगणकात ही सदोष प्रणाली आहे याचीच कल्पना नव्हती, कारण तिची एक लहान आवृत्ती इतर आज्ञावलींबरोबर नकळत बसविली जाई. म्हणून आपल्या संगणकात काय काय आहे याची यादी ठेवणे हा पहिला उपाय, आणि दुरुस्त्या विनाविलंब बसविणे हा दुसरा.

तिसरा उपाय म्हणजे अनावश्यक द्वारे बंद ठेवणे. स्लॅमर एका विशिष्ट क्रमांकाच्या द्वारातून शिरत असे. ते द्वार जाळ्याच्या नाक्यांवर अडविताच त्याचा प्रसार आटोक्यात आला. परंतु भिंतीला चोरवाट असेल तर पहारा व्यर्थ ठरतो. अमेरिकेतील ओहायो राज्यातील डेव्हिस-बेसी अणुवीजकेंद्रात अशी संरक्षक भिंत होती. तथापि एका कंत्राटदाराच्या जाळ्यातून आलेली तार त्या भिंतीला वळसा घालून आत गेली होती. त्याच वाटेने कृमी शिरला आणि सुरक्षिततेची स्थिती दाखविणारी यंत्रणा जवळजवळ पाच तास बंद पडली. अणुभट्टी त्या वेळी चालू नव्हती, म्हणून अनर्थ टळला.

स्लॅमर केवळ चालू स्मृतीत राही. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की तो नाहीसा होई. मात्र दुरुस्ती न करता संगणक जाळ्याला जोडल्यास थोड्याच वेळात त्याची पुन्हा बाधा होई. आजही शाळा, ग्रंथालय वा कार्यालय येथील संगणकावर दुरुस्तीची सूचना आली असता ती ‘नंतर पाहू’ म्हणून बाजूला सारू नये. त्या एका यंत्राच्या दुर्लक्षाचा भार जाळ्यातील इतर सर्वांना सोसावा लागतो.