पटकथा कुणाच्या हाती द्यावी?

जानेवारी १९५५. दिल्लीतील एका वास्तुशिल्पकाराच्या कार्यालयात मुंबईहून पाहुणे आले होते. वास्तुशिल्पकाराचे नाव आर. जी. आनंद. घरांचे नकाशे काढणे हा त्यांचा व्यवसाय, पण जीव मात्र रंगभूमीवर. त्यांनी लिहिलेले ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक फेब्रुवारी १९५४ मध्ये नवी दिल्लीच्या वेव्हेल थिएटरमध्ये झाले आणि लोकांना आवडलेही होते. शेजारी राहणारी एक पंजाबी आणि एक मद्रासी कुटुंब, त्यांच्या मुलामुलीचे प्रेम आणि आडवा येणारा प्रांताभिमान, असा त्याचा विषय. पाहुणे होते चित्रपट दिग्दर्शक मोहन सैगल. आनंद यांनी सगळे नाटक त्यांना वाचून दाखवले, समजावून सांगितले. सैगल यांनी कोणताच शब्द दिला नाही आणि ते मुंबईला परतले.

मे महिन्यात ‘न्यू दिल्ली’ या चित्रपटाची घोषणा झाली. १९५६ साली तो पडद्यावर आला. वैजयंतीमाला आणि किशोरकुमार, मद्रासी मुलगी आणि पंजाबी तरुण! आनंद यांनी कोर्टाची पायरी चढली. खालच्या न्यायालयात हरले, उच्च न्यायालयात हरले आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयातही हरले. नाटक लिहिल्यापासून तोवर पंचवीस वर्षे उलटली होती.

का हरले? न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे : कल्पनेवर कुणाचीही मालकी नसते. मालकी असते ती कल्पना ज्या रीतीने मांडली त्या मांडणीवर. प्रांताभिमान हा विषय दोघांचाही होता, पण चित्रपटात परप्रांतीयाला भाड्याने घर न मिळण्याचा आणि हुंड्याचाही भाग होता. प्रसंगांची गुंफण निराळी होती. निकाल पटो वा न पटो, आजही पटकथा घेऊन निर्मात्याचे दार ठोठावणाऱ्या प्रत्येकाला तो लागू आहे.

आणि असे दार ठोठावणारे आज घरोघरी आहेत. नोकरी सांभाळून रात्री लिहिणारा मुलगा, दुपारचे काम आटोपल्यावर वही उघडणारी सून, निवृत्त झाल्यावर आयुष्यभराची गोष्ट मांडायला बसलेले आजोबा. मोठ्या संस्थांमध्ये ओळखीशिवाय शिरकाव होत नाही, म्हणून ते छोट्या चित्रसंस्थांकडे वळतात. हे योग्यच आहे. छोट्या संस्थेत निर्माता स्वतः वाचतो, निदान वाचण्याचा संभव तरी असतो.

पण तो काय वाचतो? एकशेवीस पानांची पटकथा पहिल्याच टपालात पाठवली, तर ती बहुधा कोपऱ्यात पडून राहते. आधी एक छोटे पत्र आणि एका पानाचे कथासार पाठवावे. गोष्ट कुणाची, त्याला काय हवे आहे, आड काय येते आणि शेवट काय, हे त्यात स्वच्छ लिहावे. पुष्कळ नवे लेखक ‘पुढे काय होते ते पडद्यावरच पाहा’ अशा थाटात शेवट झाकून ठेवतात. ज्याला पैसे घालायचे आहेत त्याच्याशी हा लपंडाव कशाला? पूर्ण पटकथा त्याने मागितली की मगच द्यावी. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, हा हिशेब धरून निर्माता पाने आधी मोजतो, वाचतो नंतर.

मोजण्यासारखे आणखीही असते. छोट्या निर्मात्याच्या मनात वाचतानाच खर्चाचे आकडे फिरू लागतात. पावसातला रात्रीचा पाठलाग, हजार माणसांची जत्रा, पेशवाईतले पोशाख. लेखकाला एक ओळ पुरते, निर्मात्याला तीत लाखांची भर घालावी लागते. याचा अर्थ गोष्ट लहान असावी असा नव्हे. कुंदन शाह यांचा ‘जाने भी दो यारों’ (१९८३) राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या मदतीने अवघ्या काही लाखांत तयार झाला. त्यात बिल्डर आहेत, भ्रष्ट अधिकारी आहेत आणि शेवटी सगळे महाभारतही आहे, पण ते घडते एका नाटकाच्या रंगमंचावर!

आता चोरीच्या भीतीविषयी. वही कुणाला दाखवायचीच नाही, असे ठरवून चित्रपट होत नाही. दाखवण्याआधी मात्र थोडी तजवीज हवी. मुंबईतील पटकथालेखकांच्या संघटनेकडे सभासदांना आपले लिखाण नोंदवता येते. भारत सरकारच्या कॉपीराइट कार्यालयातही नोंद होते. नोंद केली नाही म्हणून लेखकाचा हक्क जात नाही, लिहिताक्षणीच तो मिळतो. पण अमुक तारखेला हे लिखाण अस्तित्वात होते, याचा पुरावा हाताशी राहतो. आनंद यांच्या प्रकरणाचा बोध इथेच उपयोगी पडतो. चार ओळींची कल्पना नोंदवून फारसे काही हाती लागत नाही. पात्रे, प्रसंग, संवाद यांसह जितके सविस्तर लिहाल तितका हक्क भक्कम.

नुसती कल्पना अगदीच निराधार असते असेही नाही. सनडायल नावाच्या एका छोट्या संस्थेने दूरदर्शन मालिकेची कल्पना झी टेलिफिल्म्ससमोर विश्वासाने मांडली होती. पुढे तशीच मालिका येऊ घातली, तेव्हा ती संस्था न्यायालयात गेली आणि २००३ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने दिलेला मनाई हुकूम कायम ठेवला. विश्वासाने सांगितलेली गोष्ट परस्पर वापरता येत नाही, हा मुद्दा तिथे महत्त्वाचा ठरला. म्हणून कुणाला भेटलात, कधी, काय दिले, याची तारीखवार टिपणे ठेवावीत. भेटीनंतर ‘आज आपल्याला अमुक पटकथा ऐकवली’ असे दोन ओळींचे पत्र किंवा ई-मेल पाठवावे. कागद फुकट असतो, वकील नसतो.

वाचण्यापूर्वी काही संस्था एका कागदावर सही मागतात. ‘अशाच विषयावर आमच्याकडे आधीच काम चालू असू शकते, त्याबद्दल तक्रार करणार नाही’ असा त्याचा आशय असतो. त्यांच्या बाजूनेही यात तथ्य आहे, कारण एकच कल्पना दहा जणांना सुचते. तरी सही करण्यापूर्वी घरातल्या जाणत्या माणसाला किंवा वकिलाला तो दाखवावा. वाचनासाठी लेखकाकडूनच ‘फी’ मागणाऱ्या निर्मात्याला मात्र नमस्कार करून बाहेर पडावे.

पसंती मिळाली की आनंदाच्या भरात कोऱ्या करारावर सही करणारेही आहेत. कायदा त्या वेळी लेखकाला बरेच संरक्षण देतो, पण ते कुणी सांगत नाही. हक्क दिल्याचा करार लेखी आणि सहीचा असावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. करारात वेगळे काही नसेल आणि निर्मात्याने वर्षभरात हक्क वापरलाच नाही, तर तो करार संपतो. म्हणजे ‘करू, करू’ म्हणत वर्षानुवर्षे कपाटात ठेवलेली पटकथा परत मिळू शकते. २०१२ च्या दुरुस्तीने तर चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातील मानधनाचा वाटा लेखकाला सोडून देताच येत नाही, असे ठरवले. पैसे टप्प्याटप्प्याने घ्यावेत : सही करताना काही, पहिला खर्डा दिल्यावर काही, शेवटचा दिल्यावर उरलेले. श्रेयनामावलीत नाव कसे येणार, तेही करारात लिहून घ्यावे.

आणि उत्तरच आले नाही तर? दीड-दोन महिन्यांनी एक सौम्य स्मरणपत्र पाठवावे, फोनचा भडिमार करू नये. तोवर दुसऱ्या गोष्टीचे कथासार लिहायला घ्यावे. कारण पटकथा नाकारणारा निर्माता पुष्कळदा जाता जाता विचारतो, ‘आणखी काही आहे का तुमच्याकडे?’