विंचवाचं विष आणि बीपीची गोळी

मी डॉक्टर नाही, कोड लिहिणारा माणूस आहे. पण आजचा विषय डोक्यात बसला की औषधांच्या पाकिटाकडे तुम्ही वेगळ्या नजरेने बघाल.

अंगावर कुत्रा धावून आला की छाती धडधडते, घाम फुटतो. हे काम सिंपथेटिक नर्व्हस सिस्टिमचं, म्हणजे अनुकंपी चेतासंस्थेचं. तिच्या नसांच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रेनलिन सुटतं आणि किडनीवरच्या ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलिन रक्तात येतं. हा झाला निरोप. तो घेणारे रिसेप्टर मात्र वेगवेगळे. १९४८ मध्ये रेमंड आल्क्विस्ट यांनी त्यांचे अल्फा आणि बीटा असे दोन गट मांडले. ढोबळमानाने सांगायचं तर अल्फा-१ रक्तवाहिन्या आवळतो, बीटा-१ हृदय पळवतो आणि बीटा-२ श्वासनलिका सैल करतो.

आता औषध काय करतं? एक तर बटण दाबतं, नाहीतर बटणावर झाकण घालतं. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल बीटा-२ चं बटण दाबतं. प्रोप्रॅनोलॉल बीटावर झाकण घालतं, त्यामुळे धडधड कमी होते. पण ते बीटा-१ आणि बीटा-२ दोन्ही झाकतं, म्हणून दमेकऱ्याला तीच गोळी घातक ठरू शकते.

आता कोकणात या. लाल विंचवाचं विष नसांमधली सोडियमची दारं नीट बंद होऊ देत नाही. म्हणजे थांबायची अटच नसलेला लूप! निरोप सुटतच राहतात. घाम, उलट्या, हातपाय गार. रक्तवाहिन्या आवळलेल्या, त्यामुळे हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. लहान मुलं यातच दगावायची.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी इथे प्राझोसिन वापरलं. मूळची ही रक्तदाबाची गोळी, अल्फा-१ वर झाकण घालणारी. रक्तवाहिन्या सैलावतात, हृदयावरचा भार उतरतो. १९८६ मध्ये त्यांचं हे काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. २०११ मध्ये 'बीएमजे'त आलेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं की सोबत प्रतिविष दिलं तर रुग्ण आणखी लवकर सावरतात.

मग नुसता बीटा ब्लॉकर का नाही द्यायचा? कारण रक्तवाहिन्या आवळलेल्याच राहतात आणि त्यांच्याशी झगडणाऱ्या हृदयाचा जोर मात्र कमी होतो. चुकीचं बटण झाकलं की परिस्थिती अजून बिघडते.

म्हणून सांगतो, ही गोळी घरी ठेवून स्वतःच द्यायची नाही. पहिल्याच डोसला बीपी एकदम खाली येऊ शकतं, रुग्णाला झोपवून ठेवावं लागतं. गावी कुणाला विंचू चावला आणि घाम, उलट्या किंवा गार हातपाय दिसले, तर मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नका. थेट दवाखाना गाठा.

हा भाग गावाकडच्या ग्रुपवर नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!