कुर्ल्याच्या भिंतींवरील मखमल

जूनमधील दोन-चार सरी कोसळल्या की कुर्ल्यातील जुन्या चाळींचे कठडे, रेल्वेलगतच्या दगडी भिंती आणि नळाजवळचे ओटे हिरवे होऊ लागतात. या साऱ्या हिरवेपणाला सरसकट ‘शेवाळ’ म्हटले जाते. ज्यावरून पाय घसरतो तो बुळबुळीत थर बहुधा शैवलांचा असतो. त्याला ना खोड, ना पाने. बोटाला मखमलीसारखी लागणारी दाट, फुगीर गादी मात्र हरितेची, म्हणजेच मॉसची.

मुंबईसारख्या उष्ण व दमट शहरात भिंतींवर वारंवार आढळणारी हरिता म्हणजे ‘हायोफिला इन्व्होल्यूटा’. तिची खूण नावातच आहे. ‘इन्व्होल्यूटा’ म्हणजे आत वळलेली. कोरडी पडल्यावर तिच्या जिभेसारख्या पानांच्या कडा आत वळतात आणि गादी काळपट दिसू लागते. त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकावेत. काही क्षणांत पाने उलगडून चांदण्यांसारखी पसरतात. हा खेळ मुलांना दाखवण्याजोगा आहे. साध्या भिंगातून पानाची ठळक मधली शीरही दिसते. बीजाणूंची कुपी आढळलीच, तर ती सरळ व उभट असते. पाठ्यपुस्तकातील फ्युनारियाची कुपी पेरूच्या फळासारखी फुगीर आणि वाकलेली असल्याने दोहोंत गल्लत होऊ नये.

या वनस्पतीचे मूळ घर ओढ्याकाठचे ओले खडक. कुर्ल्यातून वाहणारी मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघते; विहारच्या वरच्या अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आहे. तेथील पाणथळ कातळ आणि खाली शहरातील चुना-सिमेंटचा ओला गिलावा यांत हरितेच्या दृष्टीने फारसा फरक नाही.

गृहनिर्माण संस्थांमध्ये भिंत खराब झाल्याचा दोष तिच्यावर येतो आणि ॲसिड ओतले जाते. ॲसिडने गिलावाच खातो. हरितेला खरी मुळे नसतात. केसांसारखे मूलाभ केवळ पकड धरतात, पाणी मुख्यतः पाने शोषतात. भिंतीत ओल असते म्हणून ती उगवते. तिच्या गादीत साचलेल्या धुळीत पिंपळाचे बी रुजले, तर मात्र ते रोप वेळीच काढावे. भिंत फोडतात ती त्याची मुळे.

उन्हाळ्यात हरिता सुकून निपचित पडते. एप्रिल-मे महिन्यांतही एखाद्या कोपऱ्यात ती हिरवीगार दिसली, तर तेथे रंगाऱ्याआधी प्लंबरला बोलवावे.