ग्रॅकस बंधू आणि रोमन प्रजासत्ताकाचा ऱ्हास

रोमन प्रजासत्ताकाचा अंत केव्हा झाला, असा प्रश्न केला असता बहुतेक विद्यार्थी ज्यूलिअस सीझरचे नाव घेतात. इ. स. पू. ४९ मध्ये त्याने रुबिकॉन नदी ओलांडली तेव्हा, ४४ मध्ये त्याचा वध झाला तेव्हा, किंवा २७ मध्ये ऑक्टेव्हिअनने 'ऑगस्टस' ही पदवी धारण केली तेव्हा, यांपैकी एखादे उत्तर मिळते. ही उत्तरे चुकीची म्हणता येणार नाहीत. परंतु त्यांवरून रोग्याचे प्राण केव्हा गेले एवढेच कळते; रोग केव्हा जडला हे कळत नाही. त्याचा शोध घ्यावयाचा तर सीझरच्या जन्मापूर्वी तीस-पस्तीस वर्षे मागे, इ. स. पू. १३३ या सालाकडे जावे लागते. त्या वर्षी जमिनीच्या एका कायद्यावरून वाद झाला आणि रोमच्या राजकारणात प्रथमच तो वाद लाठ्याकाठ्यांनी मिटविण्यात आला.

या घटनेची पार्श्वभूमी थोडक्यात पाहू. इ. स. पू. २०२ मध्ये झामा येथे हॅनिबलचा पराभव झाला. १४६ मध्ये कार्थेज आणि कॉरिंथ ही दोन्ही नगरे एकाच वर्षी धुळीस मिळाली. भूमध्य समुद्राच्या काठी रोमला तुल्यबळ असे राज्य उरले नाही. या विजयांच्या मालिकेत इटलीतील पराभूत जमातींची पुष्कळ जमीन रोमन राज्याच्या मालकीची झाली होती. ही सार्वजनिक जमीन. तिचा काही भाग वसाहतींना दिला गेला, काही विकला गेला, आणि उरलेली जमीन ज्याला कसणे वा गुरे चारणे शक्य असेल त्याने वहिवाटावी, अशी रीत पडली. स्वाभाविकच ज्याच्यापाशी भांडवल, गुरे आणि गुलाम होते त्याच्याच हाती ती जमीन अधिकाधिक गेली. एका इसमाने ५०० युगेरांहून, म्हणजे सुमारे १२५ हेक्टरांहून, अधिक सार्वजनिक जमीन बाळगू नये असा जुना निर्बंध होता. पण तो पाळला जात नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या वहिवाटीमुळे अशी जमीन लोक आपलीच समजू लागले होते. तिच्यावर घरे बांधली गेली, द्राक्षमळे लावले गेले, पूर्वजांच्या समाध्या उभ्या राहिल्या, मुलींच्या हुंड्यातही ती दिली गेली.

या प्रश्नाला दुसरी बाजू होती ती सैन्याची. रोमचे सैन्य पगारी धंदेवाईकांचे नव्हते. ज्याच्या नावावर ठरावीक किमतीची मालमत्ता असेल त्या नागरिकानेच पायदळात उभे राहावे असा नियम होता. म्हणून शेतकऱ्याची जमीन गेली की राज्याचा एक सैनिकही गेला, असे समीकरण रोमन विचारवंतांच्या मनात पक्के होते. त्यातच स्पेनमधील युद्धे लांबली होती. त्यांत लूट थोडी आणि हाल फार. भरतीला विरोध होऊ लागला होता. टायबेरिअस सेंप्रोनिअस ग्रॅकस हा तरुण याच युद्धात, इ. स. पू. १३७ मध्ये, क्वेस्टर म्हणून गेला होता. न्यूमान्शियासमोर रोमन सैन्य कोंडले गेले असता त्याने शत्रूशी तह करून हजारो सैनिकांचे प्राण वाचविले. सिनेटने मात्र तो तह नाकारला आणि सेनापती मॅन्सिनस याला बांधून शत्रूच्या स्वाधीन करण्याचे ठरविले. टायबेरिअस स्वतः बचावला. पण त्याने दिलेल्या शब्दाची किंमत राहिली नाही. सिनेटविषयीचा त्याचा आदर तेव्हापासून ओसरला असावा, असे अनेक इतिहासकार मानतात.

टायबेरिअस हा दरिद्री घरातून वर आलेला लोकनेता नव्हता, हे येथे विशेष लक्षात घ्यावयास हवे. त्याची आई कॉर्नेलिया ही हॅनिबलला जिंकणाऱ्या सिपिओ आफ्रिकेनसची कन्या. वडील दोनदा कॉन्सल आणि एकदा सेन्सर झालेले. त्याचा सासरा ॲपिअस क्लॉडिअस हा सिनेटचा अग्रणी होता. बहीण सेंप्रोनिया ही कार्थेज उद्ध्वस्त करणाऱ्या सिपिओ एमिलिएनसला दिलेली. आणि ज्याच्या पुढारीपणाखाली पुढे टायबेरिअसचा वध झाला तो सिपिओ नॅसिका नात्याने त्याचा मावसभाऊच लागत होता. हा लढा गरीब विरुद्ध श्रीमंत असा तर होताच. शिवाय तो राज्य चालविणाऱ्या मोजक्या घराण्यांतील भाऊबंदकीचाही होता.

इ. स. पू. १३३ मध्ये ट्रिब्यून म्हणून निवडून येताच टायबेरिअसने आपला कायदा मांडला. सार्वजनिक जमिनीवर ५०० युगेरांची मर्यादा पुन्हा लागू करावी, मुलांसाठी काही जादा जमीन ठेवू द्यावी, आणि उरलेली जमीन परत घेऊन ती भूमिहीन नागरिकांना लहान लहान तुकड्यांनी वाटावी. मिळालेली जमीन विकता येऊ नये, अशीही अट होती. हे काम तीन सदस्यांच्या मंडळाकडे सोपवावयाचे होते. वर्गात हा भाग शिकविताना एक गैरसमज टाळला पाहिजे. आपल्याकडील कमाल जमीनधारणेचे कायदे खाजगी मालकीच्या जमिनीला लागू झाले. ग्रॅकसचा कायदा खाजगी जमिनीला हात लावत नव्हता. राज्याच्याच मालकीची जमीन राज्याने परत मागावी, एवढीच त्याची मागणी होती. कायदा तयार करताना म्यूसिअस स्कीव्होलासारख्या नामांकित कायदेपंडिताचा सल्ला घेतलेला होता. आशयाच्या दृष्टीने हा कायदा क्रांतिकारक म्हणता येणार नाही.

क्रांतिकारक ठरली ती तो संमत करून घेण्याची पद्धत. असे विधेयक प्रथम सिनेटपुढे ठेवावे असा संकेत होता. टायबेरिअसने ते थेट लोकसभेपुढे नेले. मार्कस ऑक्टेव्हिअस या दुसऱ्या ट्रिब्यूनने त्यावर आपला नकाराधिकार वापरला. दहांपैकी कोणत्याही एका ट्रिब्यूनला असा अधिकार होता, आणि तो निरपवाद होता. सामान्यतः अशा वेळी वाटाघाटी होत, एक पक्ष नमते घेई, आणि प्रकरण मिटे. येथे कोणीच नमते घेईना. तेव्हा टायबेरिअसने असा प्रश्न उभा केला की, जो ट्रिब्यून लोकांच्याच हिताच्या आड येतो तो लोकांचा प्रतिनिधी राहतो काय? त्याने ऑक्टेव्हिअसला पदच्युत करण्याचा ठराव मांडला. ३५ गणांपैकी १७ गणांची मते ठरावाच्या बाजूने पडल्यावर त्याने मतदान थांबवून ऑक्टेव्हिअसची पुन्हा मनधरणी केली, असे प्लूटार्क सांगतो. ऑक्टेव्हिअस बधला नाही. अठराव्या गणाचे मत पडले आणि रोमच्या इतिहासात प्रथमच एक ट्रिब्यून मुदतीपूर्वी पदावरून दूर झाला.

कायदा संमत झाला. टायबेरिअस, त्याचा धाकटा भाऊ गायस आणि सासरा ॲपिअस क्लॉडिअस असे तिघांचे मंडळ नेमले गेले. सिनेटने खर्चासाठी अगदी क्षुल्लक रक्कम मंजूर करून मंडळाची कोंडी केली. त्याच सुमारास पर्गममचा राजा तिसरा ॲटॅलस निवर्तला आणि त्याने आपले राज्य रोमला मृत्युपत्राने दिल्याचे कळले. ती संपत्ती नव्या शेतकऱ्यांना अवजारे व बी-बियाणे यांसाठी द्यावी, असे टायबेरिअसने सुचविले. परराष्ट्रव्यवहार आणि खजिना ही सिनेटची खास क्षेत्रे. त्यांतही त्याने पाऊल टाकले. शेवटी तो दुसऱ्या वर्षासाठी पुन्हा ट्रिब्यूनपदाच्या निवडणुकीला उभा राहिला, तेव्हा त्याला राजा व्हावयाचे आहे अशी हाकाटी झाली. सिनेटच्या सभेत नॅसिकाने कॉन्सलकडे बळाचा वापर करण्याची मागणी केली. कॉन्सल म्यूसिअस स्कीव्होलाने चौकशीवाचून कोणाही नागरिकास आपण मारणार नाही असे सांगून नकार दिला. तेव्हा मुख्य पुरोहित असलेला नॅसिका टोग्याचा पदर डोक्यावर घेऊन स्वतःच निघाला. त्याच्यामागून सिनेटर आणि त्यांचे नोकर गेले. मोडक्या बाकांचे तुकडे आणि सोटे यांनी टायबेरिअस आणि त्याचे तीनशेहून अधिक अनुयायी ठार झाले. प्रेते टायबर नदीत टाकण्यात आली.

आश्चर्य हे की, टायबेरिअस मेला तरी त्याचा कायदा जिवंत राहिला. मंडळात नवे सदस्य आले आणि मोजणी चालू राहिली. त्यांची नावे कोरलेले हद्दीचे दगड इटलीत सापडले आहेत. मोजणी जसजशी पुढे गेली तसतसा नवा प्रश्न निर्माण झाला. इटलीतील मित्रराज्यांचे लोकही सार्वजनिक जमीन वहिवाटत होते. परंतु ते रोमन नागरिक नसल्याने परत घेतलेल्या जमिनीत त्यांना वाटा मागण्याची सोय नव्हती. इ. स. पू. १२९ मध्ये सिपिओ एमिलिएनसने त्यांची बाजू घेऊन मंडळाचे निवाड्याचे अधिकार काढवून घेतले, आणि मंडळाचे काम मंदावले. एका अन्यायाचे निवारण करताना दुसरा अन्याय उघडा पडला होता.

गायस ग्रॅकस इ. स. पू. १२३ आणि १२२ या दोन वर्षी ट्रिब्यून झाला. भावापेक्षा त्याची दृष्टी अधिक व्यापक होती. नगरवासीयांना ठरावीक दराने धान्य मिळावे, सैनिकांच्या कपड्यांचा खर्च राज्याने सोसावा, सतरा वर्षांखालील मुलांस सैन्यात घेऊ नये, प्रांताधिकाऱ्यांवरील खटल्यांत सिनेटरांऐवजी अश्वारोही वर्गातील पंच बसावेत, कार्थेजच्या जागी नवी वसाहत वसवावी, असे अनेक कायदे त्याने केले. पण लॅटिन लोकांना पूर्ण नागरिकत्व द्यावे आणि इतर मित्रांना मताचा हक्क द्यावा, ही त्याची मागणी रोमच्या सामान्य जनतेलाच रुचली नाही. आपल्या हक्कांत भागीदार वाढावेत असे गरीब नागरिकालाही वाटत नव्हते. सिनेटच्या बाजूने लिव्हिअस ड्रूससने बारा वसाहतींचे आश्वासन देऊन गायसची लोकप्रियता हिरावून घेतली. इ. स. पू. १२१ मध्ये एका दंगलीत कॉन्सल ओपिमिअसचा सेवक मारला गेला. राज्याला हानी पोहोचू नये अशी दक्षता कॉन्सलने घ्यावी, असा ठराव सिनेटने केला. या प्रकारच्या ठरावाचा हा पहिला उपयोग होय. ॲव्हेंटाइन टेकडीवर हल्ला झाला. गायसने आपल्या गुलामाकडून मरण पत्करले, आणि एकूण सुमारे ३,००० माणसे प्राणास मुकली, असे प्लूटार्क सांगतो. ओपिमिअसवर खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. त्याने ऐक्यदेवतेचे मंदिरही बांधविले.

येथवरची कथा आपण मुख्यतः प्लूटार्क आणि ॲपिअन यांच्याकडून ऐकतो. दोघेही घटनेनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी लिहीत होते, आणि लहान शेतकरी नष्ट होऊन इटली गुलामांनी भरली हे चित्र त्यांनीच आपल्या मनावर बिंबविले. ते कितपत खरे मानावे? जनगणनेत प्रौढ पुरुष नागरिकांची संख्या इ. स. पू. १६४-६३ मध्ये ३,३७,०२२ होती. १३६-३५ मध्ये ती ३,१७,९३३ वर आली. परंतु १२५-२४ मध्ये ती ३,९४,७३६ झाली. एवढी वाढ दहा वर्षांत जन्माने होत नसते. तेव्हा आधीच्या गणनांत पुष्कळ लोकांनी भरती टाळण्यासाठी नाव नोंदविलेच नसावे, असा तर्क करावा लागतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीत झालेल्या भूपृष्ठीय पाहण्यांतही अनेक भागांत लहान शेते टिकून असल्याचे आढळले. नेथन रोझेन्स्टाइनसारख्या अभ्यासकाने २००४ मध्ये असे प्रतिपादन केले की, अडचण लोक घटल्याची नव्हती. ती वाढल्याची होती. मुले वाढली, वाटण्या झाल्या, आणि तुकडे कुटुंबाला पुरेनासे झाले. हे मान्य केले तर टायबेरिअसचे निदान अपुरे ठरते. पण जमिनीची भूक खोटी ठरत नाही.

मग दोष कोणाचा? टायबेरिअसने संकेत मोडले, यात शंका नाही. सहकारी ट्रिब्यूनला काढून टाकण्याचा पायंडा मान्य केला तर नकाराधिकाराला अर्थच उरत नाही. परंतु सिनेटनेही तोच नकाराधिकार एका न्याय्य मागणीला कायमचे अडविण्यासाठी वापरला, आणि तो निष्फळ ठरताच सोटे उचलले. एकाने न लिहिलेला नियम मोडला; दुसऱ्याने ट्रिब्यूनच्या शरीराला हात न लावण्याची धर्मशपथ मोडली. या दोन अपराधांचे वजन सारखे नाही. पदच्युत झालेला ऑक्टेव्हिअस जिवंत राहिला, आणि कायदा पुढे बदलताही आला असता. मेलेल्या माणसाच्या बाबतीत दुरुस्तीची वाट उरत नाही. इतकेच नव्हे, तर नॅसिकाने जे खाजगी रीतीने केले ते बारा वर्षांनी ओपिमिअसने सिनेटच्या ठरावाने केले. अपवाद म्हणून घडलेल्या कृत्याला कायद्याचा पोशाख मिळाला.

पुढचा क्रम सरळ आहे. इ. स. पू. १११ च्या कायद्याने, ज्याचे ताम्रपटासारखे कांस्यपत्रावर कोरलेले तुकडे आजही उपलब्ध आहेत, वहिवाटीची बरीचशी जमीन खाजगी मालकीची झाली. १०७ मध्ये मेरिअसने मालमत्ता नसलेल्यांनाही सैन्यात घेतले. सैनिकाला सेवेनंतर जमीन हवी होती, आणि राज्य ती आपण होऊन देत नव्हते. तेव्हा ती मिळवून देणाऱ्या सेनापतीवर त्याची निष्ठा जडली. नाकारलेल्या नागरिकत्वासाठी मित्रराज्यांनी ९१ मध्ये शस्त्र उचलले, आणि मोठा रक्तपात झाल्यावर रोमने तेच नागरिकत्व दिले. ८८ मध्ये सुल्ला स्वतःच्या नगरावर सैन्य घेऊन चालून आला. सीझरची वाट तेव्हाच मोकळी झाली होती.

अध्यापकांनी हा भाग शिकविताना ग्रॅकस बंधूंना हुतात्मे किंवा उपद्रवी ठरविण्याची घाई करू नये, असे सुचवावेसे वाटते. त्यापेक्षा विद्यार्थ्यांपुढे स्कीव्होलाला उभे करावे. या कॉन्सलला कायद्याची मर्यादा माहीत होती आणि त्याने बळ वापरण्यास योग्यच नकार दिला. परंतु निघालेल्या जमावाला त्याने अडविले नाही, आणि नंतर त्या कृत्याचे समर्थन केले असे सिसेरो नोंदवितो. राज्यघटनेचे रक्षण नुसत्या ज्ञानाने होत नाही. तिच्या दारात उभे राहणारे माणूसही लागते. इ. स. पू. १३३ च्या त्या दिवशी रोममध्ये ते माणूस नव्हते.