एका पिल्लाला तीन सेकंद

आजी टोकदार अंडी बाजूला काढायची. त्यांतून कोंबडेच निघतात. खुडूक कोंबडीखाली गोल अंडी ठेवली की तलंगा मिळतात, असा तिचा हिशेब. अ‍ॅरिस्टॉटलने नेमकं उलट लिहून ठेवलंय. घरच्या आठ-दहा पिल्लांना दोन्ही चालून जायचं. महिना-दीड महिन्यात तुरा खरं काय ते सांगायचाच.

अंड्यांच्या धंद्यातल्या हॅचरीला तेवढं थांबणं परवडत नाही. नराला घातलेला दाणा वाया. म्हणून संपादकांनी ‘बघून या’ म्हटल्यावर मी एका हॅचरीत, चिवचिवाटात, एका गृहस्थांशेजारी स्टूल टाकून बसलो. सगळे त्यांना मामा म्हणतात.

प्रखर दिवा, डाव्या मुठीत कालचं पिल्लू. पोट हलकेच दाबून आधी विष्ठा बाहेर, मग अंगठ्यांनी गुदद्वार उलगडायचं. आत टाचणीच्या डोक्याएवढा उंचवटा. गोल, टणक, चकचकीत असला तर नर; सपाट असला किंवा नसलाच तर मादी. पण पुष्कळ माद्यांनाही उंचवटा असतो, फक्त मऊ, दाबला की बसणारा. सगळी विद्या या मधल्या पिल्लांत आहे. मुरलेला माणूस तासाला हजार-बाराशे पिल्लं बघतो आणि शंभरात दोनेक चुकतो.

‘मामा, आत्ताची मादी कशावरून?’

‘कुठली? ती गेली की.’

ही विद्या जपानची. कियोशी मासुई आणि सहकाऱ्यांनी ती १९२७ मध्ये ओटावाच्या जागतिक कुक्कुट परिषदेत मांडली. पुढच्या दशकात जपानी तज्ज्ञ अमेरिका-ऑस्ट्रेलियापर्यंत पोचले. १९८७ मध्ये बीडरमन आणि शिफ्रार या मानसशास्त्रज्ञांनी अगदी नवख्या लोकांना एक पानभर सूचना वाचायला दिली, आणि फोटो ओळखण्यात ते तज्ज्ञांच्या तोडीला आले. हे मी जरा खोडसाळपणेच सांगितलं.

‘फोटो हगत नाही,’ मामा म्हणाले.

त्यांच्या पोटावर पाय देणारी गोष्ट वेगळीच आहे: पंख. लवकर पिसं येणारा कोंबडा आणि उशिरा येणारी कोंबडी अशी जोडी लावली की मुलगे आईचा उशीर घेतात, मुली बापाची घाई. पहिल्या दिवशीच मादीच्या पंखातली मोठी पिसं वरच्या पिसांपेक्षा लांब दिसतात. पंख पसरला की झालं. कुणीही पटकन शिकतं. सगळ्या जातींत ते जमत नाही, म्हणून मामांचं स्टूल अजून आहे.

आणि नर? जगभर अंड्यांच्या जातींतले बहुतेक नर पहिल्याच दिवशी मारले जातात. आपल्याकडे काही गुलाबी-हिरवे रंगून रस्त्यावर विकायला येतात; लहानपणी मीही हट्टाने एक घेतलं होतं, तिसऱ्या दिवशी मेलं. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून ही कत्तल बंद केली. तिथे आता अंड्यातच तपासतात. एका पद्धतीत बारीक भोक पाडून थेंबभर द्रव काढतात.

मामांचे हात प्रथमच थांबले.

‘म्हणजे पिल्लू हातात येतच नाही?’

‘नराचं नाही.’

त्यांनी पुढचं उचललं, दिव्याखाली धरलं. उजवीकडच्या ट्रेत टाकलं. तो ट्रे नरांचा.