अहं आणि आत्मा, व्यक्त्यतीत मानसशास्त्रातील

व्यक्तीच्या जाणिवांना ‘मी’ या सूत्रात बांधणारे मानसिक केंद्र म्हणजे अहं आणि या केंद्रास सामावून घेऊन त्यापलीकडे जाणारे व्यापक स्वत्व म्हणजे आत्मा, असा स्थूलमानाने भेद व्यक्त्यतीत मानसशास्त्रात करण्यात येतो. ही शाखा ट्रान्सपर्सनल सायकॉलॉजी या नावाने अमेरिकेत उदयास आली. अँथनी सुटिच, ॲब्राहम मॅस्लो (१९०८–७०) प्रभृतींच्या पुढाकाराने तिचे नियतकालिक १९६९ मध्ये सुरू झाले. धार्मिक अनुभवांचे मानसशास्त्रीय विवेचन विल्यम जेम्स (१८४२–१९१०) याने १९०२ मध्येच केले होते.

मराठीत ‘अहंकार’ हा शब्द सामान्यतः गर्व या अर्थाने वापरतात. त्यामुळे अहंच्या विचारात बराच घोटाळा होतो. सांख्य दर्शनात अहंकार हा महत् तत्त्वापासून उद्‌भवणारा प्रकृतीचाच विकार होय. तेथे तो दुर्गुणवाचक नाही. सिग्मंड फ्रॉइडने (१८५६–१९३९) वर्णिलेला अहं हाही दोष नसून कार्य आहे : सहजप्रेरणा, नैतिक दंडक आणि बाह्य वास्तव यांचा मेळ घालणे हे त्याचे काम. ते बिघडल्यास मनुष्य नम्र होत नाही. तो असहाय होतो.

कार्ल युंग (१८७५–१९६१) याच्या मते अहं हे केवळ जाणिवेचे केंद्र होय; जाणीव व नेणीव मिळून होणाऱ्या समग्र मनाचे केंद्र ते आत्मतत्त्व. या कल्पनेच्या मांडणीत त्याने उपनिषदांचा आधार घेतला. तथापि युंगचे आत्मतत्त्व ही मानसिक संकल्पना आहे, तर अद्वैत वेदान्तातील आत्मा हा मनाचाही साक्षी मानला जातो. दोहोंस एकरूप समजणे योग्य नव्हे. इटालियन मनोविकारतज्ञ रोबेर्तो आसाजोली (१८८८–१९७४) याने शरीर, भावना व विचार यांपासून ‘मी’ला वेगळे पाहण्याची साधना उपचारपद्धतीत आणली. मात्र व्यक्तिमत्त्वाची सुसंघटित बांधणी आधी व आध्यात्मिक विकास नंतर, असा क्रम त्याने सुचविला. तादात्म्य सुटणे आणि अहं मोडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या क्रमाचे मर्म होय.

महाराष्ट्रात या भेदाचे बोलके उदाहरण मुंबईतील निसर्गदत्त महाराज (१८९७–१९८१) यांच्या चरित्रात आढळते. ते मानसशास्त्रज्ञ नव्हते. नवनाथ परंपरेतील सिद्धरामेश्वर महाराजांचे ते शिष्य. गुरूच्या निधनानंतर काही काळ भ्रमंती करून ते परतले आणि प्रपंच व विडीचा व्यवसाय त्यांनी पुन्हा सांभाळला. ‘मी आहे’ ही निव्वळ जाणीव आणि ‘मी अमुक आहे’ ही तिला चिकटलेली ओळख यांतील अंतर ते श्रोत्यांस दाखवीत. त्यांच्या मराठी संवादांचा मॉरिस फ्रीडमन यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९७३ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर पाश्चात्त्य जिज्ञासू त्यांच्याकडे येऊ लागले. ओळखीची पकड सैल झाली, तरी हिशेब ठेवणारा व्यावहारिक ‘मी’ येथे नाहीसा झालेला दिसत नाही.

अहं ओलांडण्याचा दुसरा मार्ग सेवेचा. जीवाची शिवभावाने सेवा करावी, ही स्वामी विवेकानंदांची (१८६३–१९०२) शिकवण होती. बुलढाणा जिल्ह्यातील हिवरा आश्रम येथे शुकदास महाराजांनी स्थापिलेला विवेकानंद आश्रम याच प्रेरणेचा. विवेकानंद जयंतीच्या उत्सवात तेथे जनसमुदाय पंक्तींत एकत्र बसून महाप्रसाद घेतो. अशा प्रसंगी ‘मी’ची सीमा काही काळ विस्तारते, हे मानसशास्त्रीय दृष्ट्या समजण्यासारखे आहे. परंतु कोणत्याही समूहात ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ बसून गर्व तसाच राहू शकतो. किंवा साधक स्वतःचा विवेकच दुसऱ्याच्या स्वाधीन करू शकतो. दोन्ही स्थितींत अहं ओलांडला गेला असे म्हणता येत नाही.

हाच धोका केन विल्बर (१९४९– ) याने सैद्धांतिक रूपात मांडला. अहं घडण्यापूर्वीची अवस्था आणि अहंपलीकडील अवस्था या दोहोंतही ‘मी’ची रेषा पुसट असते, म्हणून एकीस दुसरी समजण्याची चूक घडते. त्यामुळे कोणी बालसदृश विलयास मोक्ष मानतो, तर कोणी खऱ्या आध्यात्मिक अनुभवास विकृती ठरवितो. व्यवहारात ही चूक महाग पडते : तीव्र मनोविकार जडलेल्या व्यक्तीस साक्षात्कारी समजून उपचारांपासून दूर ठेवले जाते, किंवा साधनेत गोंधळलेल्यास विनाकारण रोगी ठरविले जाते. अमेरिकन मनोविकारतज्ञांच्या संघटनेने १९९४ च्या वर्गीकरणात ‘धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या’ ही मनोविकाराहून निराळी नोंद समाविष्ट केली, ती या दृष्टीने महत्त्वाची ठरते.

या शाखेवर आक्षेपही आहेत. आंतरिक अनुभवांचे वस्तुनिष्ठ मापन कठीण असते आणि निरनिराळ्या धर्मपरंपरांतील अवस्था एकाच मापाने मोजणे शंकास्पद ठरते. आत्म्याचे अस्तित्व सिद्ध करणे मानसशास्त्राच्या कक्षेत येत नाही. अनुभवानंतर व्यक्तीचे वास्तवाचे भान, झोप व आहार, कर्तव्ये पार पाडण्याची क्षमता आणि इतरांविषयीची आस्था टिकते की ढासळते, हे मात्र पाहता येते. आणि साधक, कुटुंबीय व चिकित्सक या सर्वांस उपयोगी पडणारी कसोटी हीच आहे.